विनियोगाचा अधिकार

डालड्याचा रिकामा डबा तुळशीचे रोप लावण्यासाठी बनवलेला नव्हता. नेसून विरलेले लुगडे गोधडीसाठी विणलेले नव्हते आणि सायकलच्या चाकाचा आरा लोकर विणण्यासाठी घडवलेला नव्हता. तरीही आपल्या जुन्या घरांतून या वस्तू याच कामी आल्या आणि त्यात कोणाला काही गैर वाटले नाही. उलट ज्या गृहिणीला असे काही सुचे, तिचे चारचौघांत कौतुकच होई.

आता घरात येणाऱ्या प्रत्येक यंत्रासोबत एक पुस्तिका येते आणि तिची भाषा आज्ञेची असते. ठरवून दिलेल्या कामाखेरीज अन्य कामासाठी यंत्र वापरू नये, ते उघडू नये, उघडल्यास हमी संपुष्टात येईल. दाम मोजून घेतलेल्या वस्तूबाबतची ही आज्ञा आपण कोणत्या न्यायाने मानायची? आणि ती मोडणाऱ्या माणसाला कल्पक म्हणायचे, काटकसरी म्हणायचे, की अपराधी? प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. परंतु स्वामित्व, ज्ञान आणि उत्तरदायित्व या तिन्ही गोष्टी त्यात गुंतल्या आहेत आणि काही प्रसंगी माणसाचा जीवही त्यात अडकलेला असतो. म्हणून त्याचा जरा सावकाश विचार करणे इष्ट ठरेल.

आपल्या परंपरेत या क्रियेसाठी एक नेमका शब्द आहे : विनियोग. संध्येच्या पोथीत तो पदोपदी येतो. अमुक मंत्र अमुक कर्मी योजला, एवढाच त्याचा अर्थ. मंत्राचा मूळ आशय आणि त्याची योजना यांचा सांधा नेहमीच जुळतो असे नाही. ऋग्वेदात जलदेवतांना उद्देशून असलेली एक ऋचा काही शाखांच्या नवग्रहपूजेत शनीच्या वाट्याला आली आहे. कारण इतकेच की तिच्या आरंभीच्या अक्षराचा ध्वनी शनीच्या नावाशी जुळतो. विद्वान या विसंगतीकडे बोट दाखवतात, पूजा मात्र चालूच राहते. वस्तू असो वा वचन, त्याचा अर्थ ही एक बाब आणि त्याचा विनियोग ही दुसरी. अर्थ कर्त्याच्या मनातून येतो. विनियोग बहुधा नंतर येणारा कोणी तरी ठरवतो.

इंग्रजीतील 'हॅकर' या शब्दाचा इतिहासही याच ठिकाणी येऊन पोहोचतो. वर्तमानपत्रांमुळे हा शब्द ऐकताच आपल्या डोळ्यांपुढे बँकेच्या खात्यावर डल्ला मारणारा चोर उभा राहतो. त्याचे मूळ मात्र निराळे आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत 1946 मध्ये विद्यार्थ्यांनी खेळण्यातील आगगाड्यांचा एक क्लब काढला. गाड्यांच्या रुळांचे नियंत्रण करण्यासाठी त्यांनी दूरध्वनी केंद्रासाठी बनवलेले रिले आणि स्विच वापरले. माणसांचे बोलणे जोडण्यासाठी घडलेली यंत्रणा त्यांनी गाड्यांचे मार्ग जोडण्याच्या कामी लावली. 1959 मध्ये या क्लबाने आपल्या परिभाषेचा एक छोटा कोश तयार केला, त्यात 'हॅक' हा शब्द आहे. आणि काही विधायक फलाची अपेक्षा न धरता केलेला उद्योग, अशा आशयाची थट्टेखोर व्याख्याही आहे. चोरीचा अर्थ त्याला पुढे चिकटला. हे कसे घडले याकडे आपण वळणारच आहोत. परंतु त्याआधी विनियोगाच्या बाजूने जे सांगता येते ते पूर्णपणे मांडले पाहिजे.

पहिला युक्तिवाद असा, की वस्तूचा निर्माता तिच्याविषयी सर्वज्ञ नसतो. एडिसनने 1877 मध्ये फोनोग्राफ तयार केला आणि पुढच्याच वर्षी एका लेखात त्याचे दहा संभाव्य उपयोग सांगितले. त्यांत पहिले स्थान पत्रे सांगून लिहवून घेण्याला होते. अंधांसाठी बोलकी पुस्तके आणि वक्तृत्वाचे शिक्षण यांच्यानंतर चौथ्या स्थानी संगीत होते. जगाने हा क्रम उलटवून टाकला.

दुसरे उदाहरण आपल्या बैठकीतलेच आहे. हार्मोनियमचे पेटंट अलेक्झांड्र दबें या कारागिराने 1842 मध्ये पॅरिसला घेतले. ते वाद्य खुर्चीवर बसून, पायांनी भाता हलवत, दोन्ही हातांनी वाजवायचे होते. कारण युरोपीय संगीताला एका वेळी अनेक स्वर लागतात. आपल्याकडे गायक भारतीय बैठकीत, जमिनीवर बसतो, आणि आपले संगीत एका स्वरामागून दुसरा स्वर असे चालते. म्हणजे एक हात मोकळाच होता. 1875च्या सुमारास कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी भाता पेटीच्या पाठीशी आणून डाव्या हाताकडे सोपवला, आणि एक परकीय वाद्य मांडी घालून बसले. मराठी रंगभूमीने ते आपलेसे केले, गोविंदराव टेंबे यांनी त्याला प्रतिष्ठा दिली, बेळगावच्या पं. रामभाऊ विजापुऱ्यांनी त्याची साधना शिष्यांच्या पिढ्यांपर्यंत पोहोचवली.

तरीही या वाद्याला विरोध झाला, आणि तो केवळ हेकटपणाचा नव्हता. पेटीचे स्वर ठरावीक अंतरांवर बांधलेले असतात. मींड तिच्यावर निघत नाही आणि श्रुतींचे सूक्ष्म भेद ती बुजवते. या कारणास्तव आकाशवाणीने 1940 मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली, ती 1971 मध्ये अंशतः उठली. तीन दशके सरकारी माध्यमात जे वाद्य वर्ज्य होते, ते त्याच काळात घरोघरी, भजनात आणि नाट्यगृहात वाजत राहिले. यावरून दोन गोष्टी दिसतात. विनियोगाने काही हाती येते तसे काही हातचे जातेही. आणि तो योग्य की अयोग्य याचा अंतिम निवाडा हुकमाने होत नाही, वापरणाऱ्यांच्या दीर्घ अनुभवातून होतो.

इथवर कोणाचा फारसा आक्षेप असू नये. डब्यातली तुळस आणि बैठकीतली पेटी यांनी कोणाचे नुकसान केले नाही. परंतु 'वस्तू माझी, तेव्हा विनियोगही माझ्या इच्छेनुसार' एवढ्यावर थांबले तर आपण फार लवकर थांबू. कारण आज अनेक वस्तू एकट्या नसतात. त्या एखाद्या मोठ्या व्यवस्थेचे टोक असतात, आणि टोक ओढले की पलीकडे कोणाचे तरी काही हलते.

दूरध्वनीचेच पाहा. 1950 आणि 1960च्या दशकांत अमेरिकेतील लांब पल्ल्याच्या तारांवर 2600 हर्ट्झचा एक स्वर 'ही तार मोकळी आहे' अशी खूण म्हणून वापरला जाई. जो एन्ग्रेसिया नावाच्या एका जन्मांध मुलाला वयाच्या सातव्या-आठव्या वर्षी शोध लागला, की आपण विशिष्ट स्वरात शीळ घातली की चालू संभाषण तुटते. त्या मुलापुढे, नुसत्या कानाच्या बळावर, एका अवाढव्य यंत्रणेचा दरवाजा किलकिला झाला होता. या क्षणात निंद्य असे काहीही नाही. ज्ञानाची सुरुवात अशीच होते. पुढे विद्यापीठात गेल्यावर तो एक डॉलर घेऊन सहाध्यायांना शिळेवर दूरचे क्रमांक फुकट जोडून देऊ लागला. इतर कोणाला न्याहारीच्या पदार्थाच्या खोक्यातून मिळणारी खेळण्यातली शिट्टी नेमका तोच स्वर देते हे कळले. 1971 मध्ये एका मासिकाने या उद्योगावर लेख छापला. तो वाचून स्टीव्ह वॉझ्नियॅक यांनी 'ब्लू बॉक्स' नावाचे उपकरण बनवले आणि स्टीव्ह जॉब्स यांच्यासोबत ते विकलेही. पुढे ॲपल ही कंपनी काढणारे हेच दोघे. या उद्योगावाचून आपली कंपनी निघाली नसती, असे जॉब्स नंतर सांगत.

या कथेचे तीन टप्पे नीट वेगळे केले पाहिजेत. कुतूहलाने जाणणे हा पहिला. स्वतःपुरते करून पाहणे हा दुसरा. आणि दुसऱ्याच्या खर्चाने, यंत्रणेला खोटी खूण पटवून, त्याचा व्यापार करणे हा तिसरा. पहिल्या टप्प्याची निर्मळता तिसऱ्या टप्प्याला आपोआप लाभत नाही. 'हॅकर' या शब्दाला चोरीचा अर्थ चिकटला तो या तिसऱ्या टप्प्यामुळे. आणि त्यामुळे पहिल्या टप्प्याकडेही जग संशयाने पाहू लागले, ही त्याची खरी हानी.

याच्या शेजारी आपला मिस्ड कॉल ठेवून पाहावा. 1995 मध्ये भारतात मोबाइल सेवा सुरू झाली तेव्हा आलेल्या कॉललाही पैसे पडत. 2003 मध्ये ते बंद झाले. घंटी वाजवून, समोरच्याने उचलण्याआधी बंद करण्याची रीत घराघरांत रुळली. एक घंटी म्हणजे 'सुखरूप पोहोचलो', दोन म्हणजे 'निघालो'. इंदूर, ग्वाल्हेर किंवा हैदराबादेत राहून पुण्या-मुंबईच्या लेकीसुनांची खबर ठेवणाऱ्या घरांना हा संकेतकोश शिकवावा लागला नाही. ही चोरी होती काय? मला तसे वाटत नाही. कंपनीने बोलण्याला मोल ठेवले होते, घंटीला ठेवले नव्हते; आणि घंटी वाजवणाऱ्याने आपण कोण आहोत याविषयी कोणालाही फसवले नव्हते. तिने उघडपणे मांडलेल्या दरांतच ही युक्ती बसत होती. पुढे बँकांनीही खात्यातील शिल्लक कळवण्यासाठी मिस्ड कॉलची सोय दिली. ब्लू बॉक्स आणि मिस्ड कॉल या दोहोंत पैसे वाचतात. परंतु एकात खोटी ओळख आहे, दुसऱ्यात नाही.

फसवणूक नसली तरीही विनियोग सदोष असू शकतो. उत्तर भारतात विहिरीवरच्या पंपाचे डिझेल इंजिन लाकडी-लोखंडी सांगाड्यावर बसवून जे वाहन तयार होते, त्याला 'जुगाड' म्हणतात. पुढे हा शब्द देशी कल्पकतेचा पर्याय म्हणून व्यवस्थापनाच्या पुस्तकांतून मिरवू लागला. परंतु हे इंजिन विहिरीच्या काठावर स्थिर उभे राहण्यासाठी बनलेले असते. रस्त्यावर धावणाऱ्या यंत्राला लागणारा ब्रेकचा, दिव्यांचा, वजनाचा हिशेब त्यात नसतो. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुगाड हे मोटार वाहनच आहे, सबब त्याला मोटार वाहन कायद्याचे नियम लागू आहेत, असा निर्णय दिला. त्या निर्णयामागील तत्त्व साधे आहे. जुगाड चालवणाऱ्याने आपला धोका पत्करला असेल. समोरून येणाऱ्या सायकलस्वाराने तो पत्करलेला नाही.

जुगाडाचे कौतुक करणारे पुष्कळदा अपोलो 13 चा दाखला देतात. एप्रिल 1970 मध्ये त्या यानात स्फोट झाला आणि अंतराळवीरांना चांद्रकक्षाचा आसरा घ्यावा लागला, तेव्हा हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषणारे मुख्य यानातले चौकोनी डबे त्या कक्षातील गोल जागेत बसेनात. पोशाखाच्या नळ्या, प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा आणि चिकटपट्टी यांतून तोडगा निघाला. यात विसरले जाते ते एवढेच, की तो तोडगा आधी पृथ्वीवर, तशाच साहित्याने, बनवून पारखला गेला आणि मग तिघांना एकेक पायरी वाचून दाखवण्यात आली. कल्पकतेने तो सुचला. जीव वाचले ते पारखल्यामुळे.

घरगुती युक्तीलाही ही पारख लागते. पाणी लुगड्याच्या घडीतून गाळण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. बांगलादेशातील 65 गावांत रीटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही गोष्ट तपासली आणि 2003 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. साडीच्या घडीतून गाळलेले पाणी पिणाऱ्यांत पटकीचे प्रमाण 48 टक्क्यांनी घटले होते. त्यातले बारकावे महत्त्वाचे आहेत. घडी निदान चार पदरांची हवी, आणि कापड नव्यापेक्षा जुने बरे. कारण वारंवार धुतल्याने धागे सुटून विणीची छिद्रे बारीक होतात. पटकीचा जंतू ज्या सूक्ष्म जलचरांना चिकटून राहतो ते अशा घडीत अडकतात. एकेरी पदरातून गाळून निर्धास्त होणाऱ्याला हे संरक्षण मिळत नाही. युक्ती तीच, माहिती असणे आणि नसणे यांत जीवनमरणाचे अंतर पडू शकते.

आता या प्रश्नाच्या सर्वांत अवघड रूपाकडे येतो. डेना लुईस या अमेरिकी तरुणीला लहानपणापासूनचा मधुमेह होता. शरीरातील साखर सतत मोजणारे तिचे यंत्र धोक्याच्या वेळी गजर करी, परंतु तो इतका क्षीण असे की रात्री झोपेतून जाग येणार नाही ही धास्ती तिला कायम वाटे. 2013 मध्ये तिने आणि पुढे तिचे पती झालेल्या स्कॉट लिब्रँड यांनी त्या यंत्रातील आकडे बाहेर काढून मोठा गजर करण्याची सोय केली. तिथून पुढे त्यांनी तळहातावर मावणारा एक छोटा संगणक मोजणी-यंत्र आणि इन्शुलिनचा पंप यांच्यामध्ये बसवला. साखरेच्या आकड्यानुसार इन्शुलिनची मात्रा तो स्वतः कमीजास्त करू लागला. 2015 मध्ये त्यांनी ही सारी रचना आणि तिची आज्ञावली सर्वांसाठी खुली केली.

यातील एक गोष्ट विशेष विचार करण्याजोगी आहे. हा संगणक पंपाला आज्ञा देऊ शकत होता तो जुन्या पंपांच्या एका दोषामुळे. ते पंप बाहेरून बिनतारी येणारी आज्ञा पुरेशी शहानिशा न करता मानत. सुरक्षेच्या दृष्टीने हे भयंकर छिद्र होते, कारण दुष्ट हेतूच्या माणसालाही तेथून शिरता आले असते. आणि 2019 मध्ये याच कारणासाठी ते पंप परत मागवण्यात आले. रुग्णांच्या दृष्टीने मात्र तेच एकमेव दार होते, आणि असे जुने पंप ते शोधून शोधून मिळवत होते. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने अनधिकृत जोडण्यांविरुद्ध इशारा दिला; अशा एका जोडणीमुळे एका रुग्णाला इन्शुलिनची अतिमात्रा होऊन उपचार घ्यावे लागले होते. त्या इशाऱ्याला पोकळ म्हणता येणार नाही. पण 2022 मध्ये अशाच खुल्या प्रणालीची 97 रुग्णांवर रीतसर चाचणी झाली, तेव्हा रुग्णांची साखर योग्य मर्यादेत राहण्याचा काळ तुलनेच्या गटापेक्षा 14 टक्के बिंदूंनी अधिक आढळला. जानेवारी 2023 मध्ये त्याच नियामक संस्थेने रुग्णांच्या अशा खटपटीतून उगवलेल्या एका प्रणालीला मान्यता दिली.

हे लोक कायद्याच्या आणि पुस्तिकेच्या दृष्टीने आज्ञाभंग करीत होते. नैतिक दृष्टीने मला ते निर्दोष वाटतात, आणि त्याची कारणे वरील सर्व उदाहरणांतून आता हाताशी आली आहेत. धोका होता तो त्यांच्या स्वतःच्या देहाला. केले ते जाणून आणि पारखून केले. प्रत्येकाने आपली प्रणाली स्वतः जोडावी आणि ती समजून घ्यावी, असा त्यांचा आग्रह होता. आणि काहीही लपवले नाही. चूक सापडावी म्हणून सारे उघड्यावर ठेवले. धोका कोणाच्या माथी, ज्ञान किती, आणि लपवाछपवी आहे काय, या तीन कसोट्या कोणत्याही विनियोगाला लावता येतील असे मला वाटते. ब्लू बॉक्स तिसऱ्या कसोटीला उतरत नाही, रस्त्यावरचा जुगाड पहिल्या, एकेरी पदराचे गाळणे दुसऱ्या.

या तिन्हींच्या मुळाशी एकच तत्त्व आहे. जो वस्तूला नवा हेतू देतो, तो तेवढ्यापुरता तिचा निर्माता होतो. मग निर्मात्याची कर्तव्ये त्याच्याकडे येतात. 'मूळ कंपनीने नीट बनवले नाही' ही सबब त्याला उरत नाही. अधिकार घ्यायचा आणि उत्तरदायित्व मूळ कारखानदाराच्या दारात ठेवायचे, हे दुटप्पीपणाचे होईल.

तथापि हे तत्त्व उलट बाजूनेही लागू होते. उत्तरदायित्व माझ्यावर येणार असेल तर वस्तू उघडण्याचा अधिकारही मला हवा. अमेरिकेत 1998च्या कायद्याने डिजिटल कुलूप तोडणे हाच अपराध ठरवला. परिणामी शेतकऱ्याला स्वतःच्या ट्रॅक्टरमधील आज्ञावलीला हात लावता येईना; त्यासाठी 2015 मध्ये खास सूट द्यावी लागली. आपल्या प्रताधिकार कायद्यात 2012 मध्ये असेच कलम आले, पण त्यात हक्कभंगाचा हेतू असणे ही अट आहे. कुलूप कोणत्या हेतूने उघडले हे पाहायचे, ही दृष्टी अधिक सुज्ञ आहे. 2022 मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने हे विषय तिच्यापुढे होते. ज्या वस्तूचे झाकण धन्याला उघडता येत नाही, तिचा तो धनी कसला? तो भाडेकरूच म्हणायचा.

एक सावधगिरीही नोंदवली पाहिजे. कल्पकतेचे गुणगान करताना टंचाईचे गुणगान होऊ नये. पंपाच्या इंजिनावर बसून माणसे प्रवास करतात, याचे एक कारण त्या गावाला एस.टी. पोहोचलेली नसते हे आहे. डेना लुईसला रात्री जागून संगणक जोडावा लागला, कारण पुरेशा मोठ्या आवाजाचे यंत्र कोणी बनवले नव्हते. युक्ती करणाऱ्याला शाबासकी देऊन, ज्याचे ते काम होते त्याला मोकळे सोडणे हा अन्यायच आहे.

हा विषय वाटतो तितका दूरचा नाही. घरातला एखादा नातू बंद पडलेला मिक्सर किंवा रेडिओ घेऊन स्क्रू काढायला बसतो, तेव्हा आपल्या तोंडून सहज निघते, "हात लावू नकोस, बिघडेल." बिघडलेलीच वस्तू ती, आणखी काय बिघडणार? त्यापेक्षा त्याला तीन गोष्टी सांगाव्यात. वस्तू कोणाची आहे ते आधी विचार. प्लग काढला आहे ना, आणि तू काय करतो आहेस ते तुला कळते आहे ना, ते पाहा. आणि जे केलेस ते झाकून न ठेवता आम्हाला दाखव. मग खुशाल उघड.